कर्नलमधला काउंटर उणे आकडे दाखवतोय, नक्की कुठे चुकतंय?

साबुदाणा६४ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय रुक्ष आहे, पण इथे तीन-चार जणांनी तरी लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) हात काळे केलेत हे माहीत आहे, म्हणून धाडस.

आमच्याकडे एक एआरएम बोर्ड आहे. (चिपचं नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.) त्याच्या डीडीआर (मेमरी) कंट्रोलरमध्ये काउंटर आहेत. किती सायकल झाल्या, किती वाचन झालं, किती लेखन, असं ते मोजतात. चिपवाल्यांनी परफसाठी (लिनक्समधली असे काउंटर मोजायची सोय) ड्रायव्हर दिलाय, तो मुख्य कर्नलमध्ये नाही. माझा सी प्रोग्राम दहा ओळींचा आहे: परफ_इव्हेंट_ओपनने काउंटर उघडायचा, ठरावीक सेकंद झोपायचं, रीड मारायचं, आलेल्या आठ बाइट छापायच्या.

१ सेकंद झोपलं तर साधारण ८० कोटी येतात. बरोबर, घड्याळ ८०० मेगाहर्ट्झचं आहे. २ सेकंदांना १६० कोटी. तेही बरोबर. आणि ३ सेकंदांना हे:

१८४४६७४४०७१८१५१९७५२७

उणे आकडा बिनचिन्हाचा म्हणून छापला गेलाय, एवढं कळतंय. पण पुढे जाणारा काउंटर उणे जाईलच कसा? बरं, काउंटर ३२ बिटांचा आहे, तो भरून पुन्हा शून्यावर यायला ८०० मेगाहर्ट्झला ५.३७ सेकंद लागतात. मग तीनच सेकंदांत हे थेर कसले? दोन दिवस डोकं आपटतोय. मॅनेजर म्हणतो, "दोन सेकंदांच्या वर मोजू नये असं डॉक्युमेंटात लिहून टाक."

हार्डवेअरचा दोष की ड्रायव्हरचा?

---

बोरकूट | सोमवार, रात्री १०:२०

शीर्षक वाचून वाटलं निवृत्त कर्नल साहेबांची काहीतरी भानगड आहे. चहा घेऊन बसलो होतो. निराशा झाली.

---

टेकडीवरचा | सोमवार, रात्री १०:२३

@बोरकूट, हे कर्नलही कडक शिस्तीचेच असतात. चूक झाली की सगळी पलटण जागच्या जागी उभी.

साबुदाणा, तुमचा मॅनेजर थोर आहे. त्याला माझा दंडवत सांगा.

---

शून्यपूर्णांक | सोमवार, रात्री १०:४१

आकडा उलगडून बघा, तोच सांगतोय काय झालं ते.

दोनचा चौसष्टावा घात १८४४६७४४०७३७०९५५१६१६. त्यातून तुमचा आकडा वजा केला की १८९४३५४०८९ उरतात. म्हणजे खरं उत्तर उणे १८९ कोटी आणि वर काही. आता दोनच्या बत्तिसाव्या घातातून, म्हणजे ४२९४९६७२९६ मधून, हे वजा करा: २४००६१३२०७. तीन सेकंदांचे २४० कोटी. तुमचा काउंटर शहाण्यासारखा मोजतोय. हार्डवेअरला बोल लावू नका.

पैज लावतो, २.६ सेकंदांना बरोबर येईल आणि २.७ ला बिघडेल. करून बघा. आणि ड्रायव्हरमधलं नव्या वाचनातून जुनं वाचन वजा करणारं फंक्शन कसं आहे ते इथे सांगा. कोड चिकटवू नका, शब्दांत सांगा, तुमची नोकरी आम्हालाही प्यारी आहे.

---

निळीसायकल | सोमवार, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. काही कळलं नाही, पण आकडे वजा करून २४० कोटी निघाले तेव्हा अंगावर काटा आला.

---

साबुदाणा६४ | सोमवार, रात्री ११:३८

@शून्यपूर्णांक, तुम्ही माणूस आहात की भूत? २.६ ला चोख २०८ कोटी. २.७ ला तोच अठरा चव्वेचाळीसवाला राक्षस.

फंक्शन असं आहे. मागचं वाचन एका चलात जपून ठेवलेलं असतं. नवीन वाचन ३२ घरं डावीकडे सरकवायचं, जुनंही ३२ घरं डावीकडे, दोघांची वजाबाकी, आणि उत्तर पुन्हा ३२ घरं उजवीकडे. ते एकूण बेरजेत मिळवायचं. वजाबाकीचं उत्तर ज्या चलात जातं तो एस६४ (६४ बिटांचा, चिन्हवाला) आहे.

काउंटर भरल्याचा इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारी हाक) या चिपमध्ये नाही. म्हणून ड्रायव्हर दर ४ सेकंदांनी एचआरटायमर (कर्नलचा गजर) लावून स्वतःच वाचून घेतो.

---

कऱ्हाडकर_काकू | सोमवार, रात्री ११:५०

काय रे हे डावीकडे-उजवीकडे? सरळ वजाबाकी करायला काय होतं? आम्ही वाण्याची वही तपासताना एवढ्या उड्या मारत नाही.

---

हरकामे | मंगळवार, सकाळी ७:१५

काकू, सांगतो. मी कोडवाला नाही, गॅरेजवाला आहे, पण हे माझ्या धंद्यातलंच निघालं.

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा पाच घरांचा. ९९९९९ झाला की पुढे ०००००. मी दर वर्षी एकदा गिऱ्हाइकाचा आकडा वहीत लिहितो. मागल्या वर्षी ४०,००० होता, यंदा १०,००० दिसतोय. सरळ वजाबाकी केली तर उणे ३०,००० येतात. पण स्कूटर काही वर्षभर रिव्हर्समध्ये चालली नाही. आकडा फिरून आलाय, म्हणजे ७०,००० चालली. त्या डावीकडे-उजवीकडे उड्या पाच घरांबाहेरचं कापून टाकण्यासाठी असाव्यात, म्हणजे उत्तर आपोआप ७०,००० येतं. बरोबर का हो शून्यपूर्णांक?

आता भानगड कुठे, तर ७०,००० हे पन्नास हजारांच्या वर गेलं की साबुदाणारावांचा कोड म्हणतो, "छे, एवढी कशी चालेल, ही ३०,००० मागे गेली असणार."

(पुण्यात एकाने असाच फिरून आलेला आकडा दाखवून 'फक्त चार हजार चाललेली, एकहाती' म्हणून स्कूटर विकली होती. नाव घेत नाही, तो माझा मेहुणा आहे.)

---

शून्यपूर्णांक | मंगळवार, सकाळी ८:०२

हरकामे, मुजरा. यापेक्षा चांगलं मी सांगू शकत नाही.

कोडच्या भाषेत तेच: एस६४ हा चिन्हवाला प्रकार. उजवीकडे सरकवताना सगळ्यात वरचा बिट १ असेल तर मोकळ्या जागा १ नेच भरल्या जातात. वरचा बिट १ कधी होतो? फरक दोनच्या एकतिसाव्या घाताच्या, म्हणजे २१४ कोटींच्या वर गेला की. ८०० मेगाहर्ट्झला हे २.६८ सेकंदांनी होतं. पाच सेकंदांची वाट बघायची गरजच नाही, अर्ध्यावरच घोळ.

उपाय एका शब्दाचा: एस६४ च्या जागी यू६४, म्हणजे बिनचिन्हाचा.

---

मुळामुठा | मंगळवार, सकाळी ९:३०

याच दुखण्याचा एक नामवंत पेशंट आहे. खुद्द एक्स८६ च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या) परफ कोडमध्ये हीच चूक होती, आणि ती २०१६च्या अखेरीस पीटर झाइलस्ट्रा यांनी दुरुस्त केली.

इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांवर काउंटर ४८ बिटांचा असला तरी त्यात लिहिताना फक्त खालचे ३२ बिट लिहिता यायचे, वरचे चिन्हानुसार भरले जायचे. पुढे पूर्ण रुंदीचं लेखन करता येईल अशी सोय चिपमध्ये आली. कर्नलने ती वापरायला घेतली आणि काउंटरची कमाल मुदत (किती मोजून झालं की वाचून घ्यायचं ती मर्यादा) ठेवली त्याच्या पूर्ण रुंदीची. तक्रार आली नाइट्स लँडिंग आणि सिल्व्हरमाँट या चिपांवरून, परफ स्टॅटचे आकडे चुकतात म्हणून.

दुरुस्तीत दोन गोष्टी होत्या. मुदत निम्म्यावर आणली, आणि फरकाचा चल चिन्हवाल्याचा बिनचिन्हाचा केला. खुलाशात म्हटलंय त्याचा मथितार्थ असा की काउंटर काही कमी होऊ शकत नाही, मग उणे फरक मानायचाच कशाला. हरकामेंची रिव्हर्समधली स्कूटर, दुसरं काय!

तुमच्या चिपवाल्यांनी बहुधा त्या आधीचा कोड समोर ठेवून ड्रायव्हर लिहिला असावा. एक्स८६ मध्ये ४८ बिट म्हणून १६ घरं सरकवतात, यांनी ३२ केलं. चूक मात्र इमानदारीने उतरवली.

---

चहाबाज | मंगळवार, सकाळी ९:४४

कॉपी करताना गाइडमधली छपाईची चूकसुद्धा उतरवणारे आमच्या वर्गात होते. सगळे चिप कंपन्यांत लागले काय?

---

साबुदाणा६४ | मंगळवार, दुपारी १:१०

झालं! एस६४ काढून यू६४ टाकलं. ३ सेकंद: २४० कोटी. १० सेकंद: ८०० कोटी. १० मिनिटं चालू ठेवलं, ४८,००० कोटी, घड्याळाशी ताडून पाहिलं, जुळलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. हरकामेंना आमच्याकडून मिसळ. धागा बंद करायला हरकत नाही.

---

म्युनिकची_माई | मंगळवार, दुपारी २:०५

थांब रे बाबा. एवढ्यात धागा बंद करू नकोस.

मुळामुठांनी सांगितलं ना, दुरुस्ती दोन भागांची होती. तू एकच केलीस. टायमर ४ सेकंदांचाच आहे का अजून? आणि डीडीआरचं घड्याळ कायम ८०० वरच असतं का?

---

शून्यपूर्णांक | मंगळवार, दुपारी २:२०

माई, मी इथे असहमत. चल बिनचिन्हाचा केला की निम्म्याची अट उरत नाही. एका फेऱ्याच्या आत कधीही वाचलं तरी फरक बरोबरच निघतो. फेरा ५.३७ सेकंदांचा, वाचन दर ४ सेकंदांनी. सव्वा सेकंदाहून जास्त फुरसत आहे. गणिताने बरोबर आहे.

---

म्युनिकची_माई | मंगळवार, दुपारी २:३१

गणिताने बरोबर आहे, वेळेने नाही. टायमर ४ सेकंदांचा म्हणजे ४ सेकंदांनीच वाजेल असं तुला कोण लिहून देतंय? इंटरप्ट बंद असताना कोणी रेंगाळलं की टायमर थांबून राहतो. निम्मी मुदत ही उशिराची तजवीज आहे. हरकामे वर्षातून एकदा आकडा लिहितात. गिऱ्हाईक एखादं वर्ष आलंच नाही तर स्कूटर दोनदा फिरून आली की एकदाच, हे त्यांनाही सांगता येणार नाही. आणि उणे आकडा निदान डोळ्यांत खुपतो. हा घोळ दिसणारसुद्धा नाही, आकडा फक्त थोडा कमी येईल.

साबुदाणा, घड्याळाचं सांग.

---

साबुदाणा६४ | मंगळवार, दुपारी ३:४८

माई, तुम्ही माझी झोप उडवलीत.

परफॉर्मन्स मोडमध्ये डीडीआर १०६६ वर जातं. तिथे ३२ बिटांचा फेरा ४.०३ सेकंदांचा. टायमर ४ चा. म्हणजे सवड २९ मिलिसेकंदांची.

आत्ताच १०६६ वर १० मिनिटं चालवून बघितलं. ६३,९६० कोटी यायला हवे होते, १,२८८ कोटी कमी आले. भागून बघितलं तर ती तूट ४२९४९६७२९६ च्या बरोबर तिप्पट. तीन फेरे गायब.

पण तीन वेळा २९ मिलिसेकंदांहून जास्त उशीर कोणी केला?

---

टेकडीवरचा | मंगळवार, दुपारी ४:००

खाली सिरियल कन्सोल जोडलाय का? डिबगिंगसाठी काही छापतोयस का?

---

साबुदाणा६४ | मंगळवार, दुपारी ४:१२

जोडलाय. आणि हो, शंका आली की सगळी रजिस्टरं एका ओळीत छापणारा प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापायचं फंक्शन) मीच टाकून ठेवलाय. ओळ सव्वाचारशे अक्षरांची...

आलं लक्षात. सांगू नका.

---

टेकडीवरचा | मंगळवार, दुपारी ४:१५

सांगणारच. ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. सव्वाचारशे अक्षरांना साधारण ३७ मिलिसेकंद. आणि ती ओळ कन्सोलवर जाईपर्यंत त्या कोअरचे इंटरप्ट बंद. तुझा टायमर दारात ताटकळत उभा, काउंटर तेवढ्यात फिरून पुढे.

चोर पकडायला लावलेल्या कुत्र्याने घरातलीच कोंबडी खाल्ली.

---

शून्यपूर्णांक | मंगळवार, दुपारी ४:४०

माई, माघार. निम्मं ते निम्मंच.

---

निळीसायकल | मंगळवार, संध्याकाळी ६:०२

मला एक बाळबोध शंका आहे, रागावू नका. हे फक्त मोजमाप आहे ना? मशीन तर नीट चालतंय. मोजणारा काउंटर चुकला तर असं काय आभाळ कोसळतं? मॅनेजरचं 'दोन सेकंदांच्या वर मोजू नका' हे मला तरी व्यवहारी वाटलं.

---

कऱ्हाडकर_काकू | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

अगं सायकल, आमच्या सोसायटीतल्या एकांचा जुना विजेचा मीटर ९९,९९० च्या घरातून फिरून चाळिसावर आला. बिल आलं लाखभर युनिटचं. दोन महिने हेलपाटे. साहेब म्हणायचे "मशीन चुकत नाही". शेवटी एका पोऱ्याने टेबलावर पेनने वजाबाकी करून दाखवली तेव्हा सुटका झाली. मोजमाप चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

---

मुळामुठा | मंगळवार, रात्री ८:१५

@निळीसायकल, परफमध्ये चिन्हाच्या गोंधळाने काय आभाळ कोसळलं याचं उदाहरण देतो. २०१३.

परफ_इव्हेंट_ओपनला कोणता प्रसंग मोजायचा त्याचा क्रमांक ६४ बिटांच्या बिनचिन्हाच्या चलात द्यायचा असतो. सॉफ्टवेअर इव्हेंट तयार करणाऱ्या फंक्शनने तो आत घेताना साध्या इंटमध्ये (३२ बिटांच्या, चिन्हवाल्या चलात) घेतला. तपासणी एवढीच होती की क्रमांक कमाल मर्यादेपेक्षा मोठा नाही ना. उणे क्रमांक अर्थातच मोठा नसतो, म्हणून पहारेकऱ्याने सलाम ठोकून आत सोडला. आत तो क्रमांक एका अ‍ॅरेचा निर्देशांक म्हणून वापरला जायचा आणि तिथला आकडा एकाने वाढवला जायचा. उणे निर्देशांक म्हणजे अ‍ॅरेच्या अलीकडची कर्नलची मेमरी. कुठला आकडा वाढवायचा ते साधा वापरकर्ता ठरवणार!

'एकाने वाढवून काय होतंय' असं वाटेल. जाहीर झालेल्या हल्ल्याच्या कोडने इंटरप्टच्या तक्त्यातल्या एका पत्त्याच्या वरच्या ३२ बिटांत एक मिळवला. ते सगळे १ होते, त्यांचे झाले सगळे ०. कर्नलमधला पत्ता त्यामुळे वापरकर्त्याच्या मेमरीतला झाला. तिथे आधीच आपला कोड मांडून ठेवलेला. तो इंटरप्ट उठवला की रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी.

दुरुस्ती? इंटच्या जागी यू६४. एक ओळ. चूक कर्नलच्या २.६.३७ आवृत्तीपासून होती, ट्रिनिटी नावाच्या फझरने आडवेतिडवे सिस्टिम कॉल मारता मारता ती उघडी पाडली. एप्रिल २०१३ मध्ये दुरुस्ती आत गेली, ३.८.९ मध्ये आली. हल्ल्याचा कोड मे मध्ये चव्हाट्यावर आला, आणि तोवर ज्यांनी कर्नल बदलला नव्हता ते सापडले.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ८:४९

सापडलेल्यांत आम्ही होतो. मी तेव्हा एका कॉलेजच्या लॅबचा सर्व्हर सांभाळायचो. बातमी वाचली, '२.६.३७ पासून पुढे' असं दिसलं, आपला २.६.३२, म्हणून निवांत डबा खाल्ला. संध्याकाळी एका पोराने येऊन सांगितलं, "सर, मी रूट आहे."

एंटरप्राइज वितरणवाले नव्या कर्नलमधल्या गोष्टी जुन्यात आणून बसवतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाटी २.६.३२ ची, आत परफचा कोड नंतरचा. सोबत चूकही आलेली. पोरगा सज्जन होता, सांगून मोकळा झाला. त्याला रागावलो नाही, चहा पाजला आणि रात्रभर बसवून त्याच्याकडूनच सगळी मशीन अपडेट करून घेतली.

---

बोरकूट | मंगळवार, रात्री ९:१०

हे मस्त होतं. कर्नल साहेबांच्या भानगडीपेक्षा सरस.

अवांतर: माझ्या लॅपटॉपच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) 'परफ: इंटरप्ट टुक टू लाँग (२५०४ > २५००)' असं येतं. मलाही कोणी रूट करतंय का?

---

टेकडीवरचा | मंगळवार, रात्री ९:२२

नाही हो, झोपा निवांत. परफला सेकंदाला जास्तीत जास्त १,००,००० नमुने घ्यायची मुभा असते, म्हणजे एका नमुन्याच्या वाट्याला १० मायक्रोसेकंद. त्यातला २५ टक्केच वेळ परफने खावा असा दंडक आहे. १० चे २५ टक्के अडीच मायक्रोसेकंद, म्हणजे २५०० नॅनोसेकंद. तुमच्याकडे २५०४ लागले, म्हणून कर्नलने नमुन्यांची मर्यादा स्वतःच खाली आणली. बिघाड नाही, काटकसर आहे.

---

चहाबाज | मंगळवार, रात्री ९:३०

मला यापेक्षा तो अनोळखी एनएमआयवाला (रोखता न येणाऱ्या इंटरप्टचा) संदेश आवडतो. त्याचं मराठी असं होईल: "भांबावलोय, पण चालू ठेवायचा प्रयत्न करतोय." लग्नाच्या वाढदिवसाला स्टेटस म्हणून ठेवला होता. बायकोने अर्थ विचारला आणि मी सांगितला, ती चूक झाली.

---

म्युनिकची_माई | मंगळवार, रात्री १०:०४

चहाबाज, एएमडीच्या मशीनवर तो संदेश परफमुळेच यायचा! दोन काउंटर जवळजवळ एकदम भरले की पहिल्या एनएमआयमध्येच हँडलर दोघांचं काम उरकून टाकायचा. मग दुसरा एनएमआय येऊन बघतो तर काम झालेलं, वाली कोणी नाही. कर्नल म्हणणार, हा कुठून टपकला? २०१९ मध्ये ते दुरुस्त झालं. पहिली दुरुस्ती पुरेशी ठरली नाही, मग त्याच वर्षी दुसरी आली: काउंटरचं काम केल्यावर १०० मिलिसेकंदांच्या आत असा उपरा एनएमआय आला तर तो आपलाच उशिरा आलेला पाहुणा समजायचा.

साबुदाणा, तुझ्याकडे वळते. टायमर किती ठेवलास? नुसता २ लिहून मोकळा होऊ नकोस. उद्या १३३३ वाली चिप आली की पुन्हा हेच. घरच्या इंटेल मशीनवर डीमेसेजमध्ये 'आरएपीएल पीएमयू' शोध. बऱ्याच मशीनवर '६५५३६० मिलिसेकंद ओव्हीएफएल टायमर' असं दिसतं (ओव्हीएफएल म्हणजे ओव्हरफ्लो, काउंटर भरून फिरणं). तो आकडा कुठून आला ते काढ, मग तुझा काढ.

---

साबुदाणा६४ | बुधवार, पहाटे १२:२६

माईंनी गृहपाठ दिला, तो केला.

आरएपीएल म्हणजे प्रोसेसरने खाल्लेली ऊर्जा मोजणारा काउंटर, तोही ३२ बिटांचाच. माझ्या मशीनवर एक एकक म्हणजे जूलचा १६,३८४ वा भाग. पूर्ण फेरा २,६२,१४४ जूलचा. कोडमध्ये २०० वॅटचा वापर गृहीत धरलाय. भागाकार १३१०.७२ सेकंद. त्याचं निम्मं ६५५.३६. हुबेहूब!

म्हणजे फेऱ्याचा वेळ काढायचा जास्तीत जास्त वेगाने, आणि निम्मा करायचा. मी आता ड्रायव्हर सुरू होताना घड्याळाची कमाल वारंवारता विचारतो आणि त्यावरून टायमर ठरवतो. १०६६ ला २.०१ सेकंद आला.

---

म्युनिकची_माई | बुधवार, सकाळी ११:४०

शाब्बास. आता एकच. टायमर एका कोअरवर वाजतोय आणि त्याच क्षणी तुझा रीडही वाचतोय, असं झालं तर? दोघांनी तेच जुनं वाचन उचललं तर तोच फरक दोनदा बेरजेत जाईल. एक्स८६ च्या कोडमध्ये जुनं वाचन बदलताना कंपेअर-एक्सचेंज आहे, मध्येच कोणी बदललं असेल तर पुन्हा पहिल्यापासून. तुझ्याकडे?

---

साबुदाणा६४ | बुधवार, दुपारी १२:०५

साधं सेट आहे. 😑 बदलतो.

---

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १२:३०

एका शब्दाची दुरुस्ती होती ना ही?

---

मुळामुठा | बुधवार, दुपारी २:५५

पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवण्याबद्दल. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, त्यामुळे लिनक्सच्या यादीवर पाठवून उपयोग नाही, चिपवाल्यांकडेच द्यावा लागेल. तरी शिस्त तीच ठेवा: चिन्ह, टायमर आणि कंपेअर-एक्सचेंज असे तीन वेगळे पॅच. प्रत्येकाच्या खुलाशात आधी काय दिसत होतं ते आकड्यांसकट. तो अठरा चव्वेचाळीसवाला आकडा जसाच्या तसा टाका. पुढे कोणाला तोच दिसला तर शोधताना सापडेल.

---

शून्यपूर्णांक | बुधवार, दुपारी ३:१०

२०१६ मध्ये चिन्ह आणि निम्मी मुदत एकाच पॅचमध्ये गेली होती, तुम्हीच म्हणालात.

---

मुळामुठा | बुधवार, दुपारी ३:१४

ते झाइलस्ट्रा आहेत. तो भाग त्यांच्याच देखरेखीखाली आहे. साबुदाणाने तीनच करावेत.

---

टेकडीवरचा | बुधवार, दुपारी ३:२०

आणि मेल साध्या मजकुराचं पाठवा. कंपनीच्या मेलखाली ती 'हा मजकूर गोपनीय आहे' वाली पोथी आपोआप चिकटते का बघा. आमच्या एकाचा पॅच तेवढ्यावरून परत आला होता. गोपनीय असेल तर आम्हाला का पाठवलात, असं विचारलं त्यांनी.

---

साबुदाणा६४ | शुक्रवार, रात्री ९:४७

ताजी खबर. तिन्ही पॅच दिले. १०६६ वर रात्रभर चालवलं, कन्सोलवर मुद्दाम बडबड चालू ठेवून. एकही फेरा हुकला नाही. मॅनेजरला दाखवलं तर म्हणाला, "मग डॉक्युमेंटातली ती ओळ काढून टाक." त्याने ती खरंच लिहून ठेवली होती.

चिपवाल्यांचं उत्तर आलं: पॅच घेतो, धन्यवाद, आणि याच फंक्शनची नक्कल आमच्या कॅशच्या ड्रायव्हरमध्येही आहे, तिथेही बघाल का?

तिथला काउंटर ४० बिटांचा आहे. सरकवतात मात्र ३२ घरंच.

---

शून्यपूर्णांक | शुक्रवार, रात्री ९:५२

नवा धागा काढा.

---

हरकामे | शुक्रवार, रात्री १०:३०

आधी मिसळ.